जुलैतला अर्ज : कोल्हापुरात कॉलेजला जाणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यासाठी

दिवाळीच्या आधी-मागे सत्र परीक्षा जवळ आल्या की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, परवा पेपर हाय, कोण लेखनिक मिळंल का ओ?" मी विचारते, कॉलेजला अर्ज कधी दिलास? पलीकडून जरा वेळ काहीच आवाज येत नाही. मग, "सरांना तोंडी सांगितलं होतं."

मला जन्मापासून अल्पदृष्टी आहे. शाळेपासून एम.ए.पर्यंत कोल्हापुरातच शिकले. आता दर जूनमध्ये माझ्या राजारामपुरीतल्या घरी पाच-दहा मुलं फायली घेऊन येतात. चंदगड, गारगोटी, राधानगरी अशा लांबच्या गावांहून, पहिल्या एसटीनं. त्यांना मी जे सांगते, तेच इथं लिहिते आहे. कायद्यानं बरंच काही दिलेलं आहे, पण त्यातली बहुतेक सोय तुम्ही लेखी मागितल्यावरच सुरू होते. आणि मागायचा महिना जुलै.

आधी कागद

युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र, नसेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून ते काढा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, रुग्णालय निवडायचं, वैद्यकीय मंडळासमोर तपासणीला जायचं. आपल्या जिल्ह्यात बहुतेकांना दसरा चौकाजवळच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातच यावं लागतं. जाण्याआधी तुमच्या प्रकारच्या तपासणीचा वार विचारून घ्या. डोळे, कान, हाडं यांचे तज्ज्ञ वेगवेगळे असतात, आणि चंदगडहून येऊन हात हलवत परत जाणारी माणसं मी पाहिली आहेत. सोबत आधार कार्ड, फोटो, जुने उपचारांचे कागद, आधीचं प्रमाणपत्र असेल तर तेही न्या.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात 21 प्रकार धरले आहेत. 1995 च्या जुन्या कायद्यात ते 7 होते. त्यामुळं अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल असलेली मुलंही आता यात येतात. त्यातल्या अनेकांच्या घरी हे ठाऊकच नसतं. "आमचा पोरगा कुठं अपंग हाय?" असं म्हणणारे वडील मला दर वर्षी भेटतात. मी त्यांच्याशी शब्दावर वाद घालत नाही, कार्डाचा उपयोग सांगते.

कार्ड हातात आलं की चार गोष्टी तपासा. टक्केवारी 40 किंवा त्याहून जास्त आहे का, कारण आरक्षण आणि बऱ्याचशा योजना तिथून पुढं सुरू होतात. प्रमाणपत्र कायमस्वरूपी आहे की मुदतीचं. मुदतीचं असेल तर तारीख पदवीच्या मधेच संपते का, हे आजच बघून ठेवा. नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळतं का. आणि अपंगत्वाचा प्रकार नीट लिहिलाय का. आमच्याकडं एकीच्या गुणपत्रिकेत वडिलांचं नाव आणि कार्डावर नवऱ्याचं नाव होतं. शिष्यवृत्तीचा अर्ज दोन वर्षं त्यातच अडकला.

खोट्या कागदांच्या भानगडीत पडू नका. कलम 91 नुसार त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय त्या बनावट कार्डांमुळं खऱ्या मुलाकडं संशयानं बघितलं जातं, त्याचा मला जास्त राग येतो.

प्रवेश

कलम 32 प्रमाणे सरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांनी किमान 5 टक्के जागा 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी ठेवायच्या असतात, आणि वयाच्या कमाल मर्यादेत 5 वर्षांची सूट द्यायची असते. सरकारी अनुदान न घेणाऱ्या खासगी संस्थेला हे कलम लागू पडत नाही. म्हणून कॉलेजला अनुदान आहे का, हे आधी विचारा.

प्रवेश अर्जात दिव्यांग असा रकाना असतो. तो भरा. पुष्कळ मुलं, विशेषतः मुली, तो मोकळा सोडतात. "नंतर सांगू" म्हणतात. ती नोंद नसेल तर तुम्ही कॉलेजच्या यादीत नसता, आणि यादीत नसलेल्यासाठी कुणी तळमजल्यावर वर्ग ठेवत नाही.

डॉक्टर, इंजिनिअर व्हायचं असेल तर "तुला हे जमणार नाही" हे वाक्य टक्केवारीच्या आधारानं ऐकायला मिळेल. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं, वाचा आणि भाषेचं सुमारे 45 टक्के दिव्यांगत्व असलेल्या महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात, नुसत्या आकड्यावरून कुणाला एमबीबीएसला अपात्र ठरवता येत नाही, असं स्पष्ट केलं. तो विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का, हे मंडळानं तपासायचं. हा निकाल लक्षात ठेवा.

कॉलेज चालून बघा

प्रवेश घेण्याआधी, किंवा निदान पहिल्या आठवड्यात, फाटकापासून वर्गापर्यंत, वर्गापासून ग्रंथालयापर्यंत, तिथून स्वच्छतागृहापर्यंत स्वतः जाऊन या. रॅम्प आहे का एवढंच बघू नका. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हा ठरलेला उतार. मी असा एक रॅम्प पाहिलाय की त्यावरून व्हीलचेअर चढवायची तर तालमीतले दोन पैलवान लागतील. दिव्यांगांसाठी म्हणून पाटी लावलेल्या स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर चावी कुणाकडं, तेही विचारा. बहुतेक वेळा आत झाडू-बादल्या असतात.

इथं एक युक्ती सांगते. नॅक, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणारी राष्ट्रीय संस्था. तिच्या मूल्यांकनात कॉलेजांना दिव्यांगांसाठी काय सोयी आहेत हे लिहून द्यावं लागतं: रॅम्प, लिफ्ट, स्वच्छतागृह, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर), लेखनिक. तो अहवाल बहुधा कॉलेजच्या संकेतस्थळावर असतो, फोटोंसकट. डाउनलोड करा आणि कॉलेजात जाऊन एकेक वस्तू शोधा. सापडली तर वापरायला सुरुवात करा. सापडली नाही तर भांडू नका. "अहवालात उल्लेख आहे ती लिफ्ट कुठं आहे, कृपया कळवावं" असा एका ओळीचा अर्ज द्या. या एका ओळीनं हललेली कुलपं मला माहीत आहेत.

शिवाजी विद्यापीठात एम.ए., एम.एस्सी.ला जाणाऱ्यांनी अंतराचा विचार आधी करावा. 853 एकरांचा परिसर आहे. सकाळी फिरायला येणाऱ्यांना तो छान वाटतो, कुबड्या घेऊन विभागातून ग्रंथालयात जाणाऱ्याला नाही. वसतिगृहाची खोली विभागाच्या जवळची मिळावी, हे अर्जातच लिहा.

चाक खुर्ची किंवा कॅलिपर वापरणाऱ्यासाठी सगळ्यात स्वस्त सोय म्हणजे वेळापत्रकातला बदल. तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग तळमजल्यावर आणायला बांधकाम लागत नाही, दोन वर्गांची अदलाबदल लागते. लिफ्टचं बघू, प्रस्ताव पाठवलाय, असं उत्तर आलं की लगेच हा पर्याय पुढं करा.

तो अर्ज

आता मुख्य काम. कायद्यात नुसता भेदभाव करू नका असं म्हटलेलं नाही. गरजेनुसार वाजवी फेरबदल करून द्यायला सांगितलंय, आणि तसा फेरबदल नाकारणं हाही भेदभावच धरलाय. मात्र तुमची गरज काय, हे कॉलेजला स्वप्नात दिसत नाही. दोन अंध मुलांच्या गरजासुद्धा एक नसतात: एकाला ब्रेल येतं, दुसरा फोनवर ऐकून अभ्यास करतो.

अर्ज प्राचार्यांच्या नावे, साध्या मराठीत, एका पानाचा. मी मुलांकडून साधारण असा लिहून घेते:

"मी बी.ए. भाग 1 मध्ये शिकत आहे. मला पूर्ण अंधत्व असून युडीआयडी कार्डाची प्रत जोडली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नुसार मला या शैक्षणिक वर्षात पुढील सोयी मिळाव्यात: 1) वर्गातील व्याख्यान ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी. 2) नोट्स युनिकोड मराठीत, वर्ड फाइल स्वरूपात. 3) अंतर्गत चाचण्या आणि सत्र परीक्षा दोन्हींसाठी लेखनिक व भरपाई वेळ. 4) तळमजल्यावर बैठक व्यवस्था. यासाठी कोणाशी संपर्क ठेवायचा, त्यांचे नाव कळवावे."

शेवटची ओळ विसरू नका. "कॉलेज बघेल" म्हणजे कुणीच बघत नाही. एका प्राध्यापकाचं नाव कागदावर आलं की निम्मं काम झालं.

दोन प्रती काढा. एक आवक-जावकच्या टेबलावर द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. क्लार्क म्हणतील, "ठेवून जा, साहेब आल्यावर देतो." हसतमुखानं तिथंच उभं राहा. पोच हातात आल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. मग तिचा फोटो काढून घरच्यांच्या व्हॉट्सअॅपवर टाका.

ऐकू न येणाऱ्यांनी काय मागावं, यावर कमी बोललं जातं, म्हणून थोडं सविस्तर. पहिल्या बाकावरची जागा मागा, पण मधली नको, कडेची. तिथून शिक्षकाचे ओठही दिसतात आणि मागं वळून प्रश्न विचारणारी मुलंही. फळ्याकडं तोंड करून बोलू नये, ही विनंती प्रत्येक शिक्षकाला त्या संपर्क प्राध्यापकांकरवी पोचू द्या, विद्यार्थ्यानं एकेकाला सांगत फिरायला नको. अँड्रॉइड फोनवर बोललेलं मराठीत टंकून दाखवणारं लाइव्ह ट्रान्स्क्राइब आहे. कोल्हापुरी बोलीत ते अधूनमधून गमतीदार चुका करतं, पण व्याख्यानाचा धागा सुटत नाही. तोंडी परीक्षेला पर्याय म्हणून लेखी प्रश्नोत्तरं मागा. सांकेतिक भाषेचे दुभाषी आपल्याकडं फार थोडे आहेत. हवे असतील तर परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या खूप आधी मागणी नोंदवावी लागते.

मानसिक आजार किंवा रक्ताचे आजार असलेल्यांचा प्रश्न हजेरीचा असतो. दवाखान्यात जाणारे दिवस, रक्त चढवण्याच्या तारखा आधीच कळवा आणि हजेरीत सवलत लेखी घ्या. सत्र संपताना वैद्यकीय दाखला घेऊन गेलं तर "आता काय उपयोग" हेच ऐकायला येतं.

नोट्स फोनला वाचता येतात का

पाहू न शकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचा सगळ्यात मोठा शत्रू फॉन्ट आहे. शिक्षकांच्या पेन ड्राइव्हमधल्या जुन्या नोट्स श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमध्ये टंकलेल्या असतात. डोळ्यांना त्या देवनागरी दिसतात. स्क्रीन रीडरला मात्र ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. फोनचं टॉकबॅक किंवा संगणकावरचं फुकट मिळणारं एनव्हीडीए त्यातून नुसता कचरा वाचून दाखवतं. पोरगं बिचारं आपलंच काही चुकतंय असं समजतं.

तपासणी सोपी आहे. फाइल उघडून एक वाक्य कॉपी करा आणि व्हॉट्सअॅपमध्ये पेस्ट करा. मराठीच दिसलं तर युनिकोड आहे, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच राहणारी अक्षरं. भलतंच काही दिसलं तर फॉन्ट बदलणारे कन्व्हर्टर इंटरनेटवर फुकट आहेत. रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि रफार एकदा कुणाकडून तरी तपासून घ्या. स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर ती चित्रंच असतात. त्यातून मजकूर ओळखून घ्यावा लागतो, गूगल ड्राइव्ह ते काम मराठीत बऱ्यापैकी करतं. पानं वाकडी स्कॅन केलेली असली की मात्र सगळं बिघडतं.

ग्रंथालयात "पुस्तक स्कॅन करता येणार नाही, कॉपीराइट आहे" असं सांगितलं तर नम्रपणे सांगा की 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून देणं हे उल्लंघन ठरत नाही. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयाचं सभासदत्वही घ्या.

शिक्षकांनो, तुम्ही हे वाचत असाल तर एवढंच करा: यापुढचं टंकलेखन युनिकोडमध्ये. एका अंध विद्यार्थ्यासाठी केलेल्या त्या फाइलमधून बाकीच्या साठ जणांनाही फोनवर शब्द शोधता येतात.

परीक्षा आणि लेखनिक

माझं पदवीचं दुसरं वर्ष. केंद्र दुसऱ्या कॉलेजात. माझ्या लेखनिकाच्या परवानगीचं पत्र आमच्या कॉलेजच्या ड्रॉवरमध्येच राहिलं होतं. केंद्रावरचे पर्यवेक्षक म्हणाले, पत्राशिवाय हिला बसवता येणार नाही. फोनाफोनीत चाळीस मिनिटं गेली, माझी लेखनिक दारात रडत उभी, आणि ती चाळीस मिनिटं मला कुणी परत दिली नाहीत. तेव्हापासून परवानगीपत्राची एक प्रत विद्यार्थ्याच्या स्वतःच्या फायलीत असलीच पाहिजे, हा माझा नियम आहे.

लेखनिक वापरण्याचा हक्क असलेल्यांना दर तासाला किमान 20 मिनिटं भरपाई वेळ मिळते, असं केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो, अडीच तासांच्या पेपरला 50 मिनिटं वाढतात. लेखनिक न घेता स्वतः लिहिणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यालाही जादा वेळ मागता येतो. टक्केवारी 40 पेक्षा कमी आहे पण लिहिणं खरोखरच अवघड जातं, अशांसाठीही दार उघडलंय. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात लेखनिकाचा हक्क टक्केवारीला बांधता येणार नाही असं म्हटलं आणि त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये तशा सूचना निघाल्या. त्यासाठी लिहिण्यात अडचण असल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र ठरावीक नमुन्यात लागतं. लेखनिकाच्या शिक्षणाची अट अधूनमधून बदलते. त्या सत्राचं परिपत्रक परीक्षा विभागातून घ्या आणि मगच माणूस ठरवा.

माणूस कसा निवडावा? अक्षर सुंदर असण्यापेक्षा वेग आणि शांत स्वभाव बघा. मराठी माध्यमाच्या पेपरला इंग्रजी शाळेतला लेखनिक घेतला की 'अर्थशास्त्रीय' लिहिताना तो अडखळतो आणि तुमची विचारांची साखळी तुटते. भाषांच्या पेपरला वेगळा लेखनिक घ्यायची मुभा 2018 च्या सूचनांत आहे, तिचा फायदा घ्या. एक राखीव नावही देऊन ठेवा. नोव्हेंबरात घरोघरी ताप असतो.

आणि सराव करा. निदान तीन जुने पेपर एकत्र बसून. सांगून लिहून घेणं ही वेगळीच विद्या आहे. परिच्छेद कुठं तोडायचा, अधोरेखित काय करायचं, उत्तर मधेच सोडून पुढच्याला गेलो तर किती ओळी मोकळ्या ठेवायच्या, याच्या खुणा ठरवा. वाणिज्यच्या मुलांनी ताळेबंद बोलून मांडायची सवय करावी: "उजवी बाजू, तिसरी ओळ, इमारत, रक्कम…" पहिल्यांदा त्यात अर्धा तास जातो, चौथ्यांदा दहा मिनिटं. लेखनिकाला येण्या-जाण्याचं भाडं आणि नाश्ता तुमच्याकडून. तो परका पोरगा तुमच्यासाठी चार तास मान मोडून लिहितो.

पेपरच्या दिवशी मूळ युडीआयडी, परवानगीपत्र, लेखनिकाचं ओळखपत्र आणि गुणपत्रिका घेऊन तास-दीड तास आधी केंद्रावर पोचा. आदल्या दिवशी जाऊन खोली बघून आलात तर उत्तमच.

पैसे

हे थोडक्यात. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर दिव्यांगांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर केंद्राची आहे. तिला पालकांच्या उत्पन्नाची वार्षिक मर्यादा अडीच लाखांची. एका वेळी एकच घेता येते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेलं बँक खातं मे महिन्यातच तयार ठेवा. अर्ज भरला म्हणजे झालं असं नसतं. तो कॉलेजच्या लॉगिनमध्ये मंजुरीची वाट बघत पडून राहतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी स्थिती बघा. एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे. 65 टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असेल तर सोबतच्या माणसालाही निम्मं भाडं.

वसतिगृह

पैशापेक्षा जास्त मुली खोलीवाचून शिक्षण सोडतात. 2020-21 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशभरच्या 4 कोटींहून अधिक विद्यार्थ्यांत दिव्यांग नोंदले गेले 79,035. हजारात दोनसुद्धा नाहीत. हा आकडा वाचला की मला राधानगरीकडची एक मुलगी आठवते. बारावीला 78 टक्के. रोज एसटीच्या उंच पायऱ्या चढणं शक्य नव्हतं, आणि ज्या वसतिगृहात जागा मिळाली तिथं न्हाणीघर अंगणापलीकडं, चार पायऱ्या उतरून. आईनं पंधरा दिवस सोबत राहून पाहिलं. मग दोघी परत गेल्या. गरिबी, गाव, मुलगी असणं आणि पोलिओ, चारही त्या चार पायऱ्यांवर एकत्र आले होते.

कोल्हापूरला हे नवं असू नये. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. खेड्यातला पोरगा शहरात राहणार कुठं, याचं उत्तर म्हणून त्यांच्या काळात जातीजातींची बोर्डिंगं उभी राहिली. पहिलं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग 1901 चं. नसीमा हुरजूक यांनी, स्वतः चाक खुर्चीवर असताना, 1984 मध्ये इथंच हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड सुरू केली आणि दिव्यांग मुलांसाठी वसतिगृह उभं केलं. तिथं राहून शिकलेली माणसं आज शहरात नोकऱ्या करताना दिसतात.

म्हणून वसतिगृहाच्या अर्जात खोलीपेक्षा न्हाणीघराचं वर्णन विचारा: दरवाजा किती रुंद, कमोड आहे का, धरायला दांडी आहे का, पायरी किती उंच. दांडी बसवायला एक दुपार लागते, आणि ती प्रवेशाच्या आधी बसवून मिळते. मुलगी परत गेल्यावर नाही.

नाही म्हणाले तर

अर्जाला पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर आवक क्रमांक घालून स्मरणपत्र द्या. त्यानंतर कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार तिनं शक्यतो 15 कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिच्या निर्णयानं समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडं जाता येतं. परीक्षेपुरती अडचण असेल तर एवढं थांबू नका, थेट विद्यापीठाच्या परीक्षा विभागात अर्जाची प्रत घेऊन जा. 5 टक्के जागा कशा भरल्या हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं, उत्तराची मुदत 30 दिवस.

त्याच्या वरचं दार म्हणजे पुण्यातलं दिव्यांग आयुक्तालय. तक्रार टपालानं पाठवता येते. सोबत युडीआयडीची प्रत, पहिला अर्ज, स्मरणपत्र आणि त्या दोन्हींच्या पोच जोडा. वर्णन एका पानात, तारखांच्या क्रमानं. आतापर्यंत माझ्याकडून असे लिफाफे तीन गेले. दोन मुलांना पत्र पुण्यात पोचल्यावर महिन्याभरात कॉलेजनं बोलावून घेतलं. तिसऱ्याच्या फायलीत जुलैची पोच नव्हती. त्याला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं, आणि ते सत्र गेलं.